पगारातून कापलेले पैसे आणि दवाखान्यातला हक्क

बेळगावच्या उद्यमबागेतील कास्टिंगच्या एका कारखान्यात टाइम ऑफिस सांभाळण्यात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली. हजेरी, पगारपत्रक, फंड, ईएसआय आणि पुढे स्टाफसाठी काढलेल्या मेडिक्लेमचे कागद हे सारे त्या एकाच टेबलावरून जात असे. आता निवृत्त झाल्यावर गल्लीत किंवा आजूबाजूच्या गावांत कोणी आजारी पडले, की त्या घरातले कोणीतरी कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे येते. त्या पिशव्या पाहून माझे एक मत पक्के झाले आहे. आपल्या सीमाभागात कामगाराचा विम्याचा हक्क नाकारला जातो त्याहून कितीतरी जास्त वेळा तो वेळेवर मागायचा राहून जातो, कारण ही सोय म्हणजे मालकाची मेहेरबानी आहे असे मालकही समजतो आणि कामगारही. मेहेरबानीचे कागद कोणी मागत नाही. पगाराचे मात्र मागतो, आणि हा विमा पगाराचाच भाग आहे.

आपल्याकडे नोकरीशी जोडलेल्या आरोग्य विम्याच्या दोन वाटा आहेत आणि त्यांची सरमिसळ केल्याने बरेच घोळ होतात. दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा कारखान्यात, दुकानात किंवा कचेरीत ज्यांचा मासिक पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे त्यांच्यासाठी कर्मचारी राज्य विमा, म्हणजेच ईएसआय, कायद्याने सक्तीचा आहे. अपंग कर्मचाऱ्यासाठी ही मर्यादा २५,००० रुपये आहे. त्यावरच्या पगाराच्या माणसाला कंपनी खासगी किंवा सरकारी विमा कंपनीकडून समूह मेडिक्लेम काढून देते. तो द्यावाच असा सर्वसाधारण कायदा नाही, पण एकदा दिला की त्याचे नियम विमा नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते मालकाला किंवा विमा कंपनीला वाकवता येत नाहीत. ईएसआयचा मूळ कायदा १९४८ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तो कायदा तिच्यात सामावला गेला, पण वर्गणीचे दर आणि पगाराची मर्यादा जुनीच पुढे चालू आहे.

दर जुलै २०१९ पासून बदललेले नाहीत. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाच्या खिशातून सव्वातीन टक्के. अठरा हजार पगार असेल तर कामगाराचे १३५ रुपये आणि मालकाचे ५८५, मिळून ७२० रुपये पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे, म्हणजेच ईएसआयसीकडे, जमा व्हायला हवेत. आपल्याकडचे काही कंत्राटदार हे ७२० रुपये पूर्णच्या पूर्ण कामगाराच्या पगारातून कापतात आणि वर 'तुझा ईएसआय भरतोय' असे सांगतात. मालकाचा हिस्सा कामगाराकडून वसूल करणे बेकायदा आहे, मग तसा करार लिहून घेतला असला तरीही. शिवाय कंत्राटदाराने पैसे भरलेच नाहीत तर जबाबदारी मुख्य मालकाची असते. आधी भरणा त्याने करायचा आणि मग कंत्राटदाराच्या बिलातून वळता करून घ्यायचा, असा कायद्याचा क्रम आहे. त्यामुळे 'तू आमचा माणूस नव्हेस, त्या मुकादमाचा आहेस' हे गेटवरचे उत्तर ईएसआयच्या बाबतीत चालत नाही.

आणखी एक चलाखी ओव्हरटाइमच्या आधाराने केली जाते. एखाद्या मोल्डरचा, म्हणजे साचे करणाऱ्याचा, मूळ पगार १९,००० असतो आणि दिवाळीच्या आधीच्या महिन्यांत जादा कामामुळे त्याच्या हातात २३,००० पडतात. तेवढ्यावरून त्याचे नाव ईएसआयमधून काढले जाते. २१,००० ची मर्यादा मोजताना ओव्हरटाइम धरायचा नसतो. वर्गणी मात्र १९४८ च्या कायद्यात त्यावरही भरावी लागत असे. पगारवाढीने माणूस खरोखर मर्यादेच्या वर गेला तरी तो चालू वर्गणी कालखंड संपेपर्यंत ईएसआयमध्येच राहतो. हे कालखंड एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे सहा-सहा महिन्यांचे असतात. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधले लाभ मिळतात आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमधले. आजारपणाचा भत्ता मिळण्यासाठी संबंधित कालखंडात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. सांगण्यासारखी गोष्ट ही, की काही ठिकाणी माणूस महिनाभर कामावर असूनही भरणा कमी दिवसांचा दाखवला जातो. हजेरीपत्रकावर २६ दिवस आणि वर्गणी भरण्याच्या चलनात १० दिवस. सहा महिने असे चालले की ७८ चा आकडा गाठलाच जात नाही, आणि हे कामगाराला कधी कळते? तो टायफॉइडने अंथरुणाला खिळल्यावर.

म्हणून मी येणाऱ्या प्रत्येकाला आधी एकच काम सांगतो. आपला दहा आकडी विमा क्रमांक हाती घ्या आणि मोबाइलवर उमंग ॲपमध्ये किंवा ईएसआयसीच्या संकेतस्थळावर स्वतःचे खाते उघडून महिन्यागणिक किती दिवसांची आणि किती पगारावर वर्गणी भरली गेली ते पाहा. घरातली दहावी-बारावीची मुले हे काम पटकन करतात. आई-वडिलांची, बायको-मुलांची नावे त्यात आहेत का, हेही तिथेच दिसते. अवलंबून असलेल्या आई-वडिलांचे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर त्यांना उपचार मिळतात, आणि नव्या संहितेने नोकरदार स्त्रीच्या सासू-सासऱ्यांचाही कुटुंबात समावेश केला आहे. शिवणकामाच्या आणि पॅकिंगच्या युनिटांत काम करणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी बायकांच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे, कारण घरातल्या म्हाताऱ्या माणसांची औषधे त्यांच्याच पगारातून येतात. बाळंतपणाच्या २६ आठवड्यांचा पूर्ण पगारही त्यांना ईएसआयकडून मिळतो. त्याला आधीच्या दोन वर्गणी कालखंडांत मिळून ७० दिवसांची वर्गणी पुरते.

उपचारांबद्दल लोक नाराज असतात आणि ती नाराजी खोटी नाही. अशोकनगरच्या ईएसआय रुग्णालयाबद्दल मी इथे काही लिहीत नाही, कारण प्रत्येकाचा अनुभव वेगळा आहे. पण 'तिथे काही मिळत नाही' असे म्हणून कार्ड कपाटात टाकून देणारा माणूस उपचारांबरोबर रोख भत्त्यावरही पाणी सोडतो, हे त्याच्या लक्षात येत नाही. रोजचा सरासरी पगार ६०० रुपये धरा. साध्या आजारपणात ७० टक्के म्हणजे रोज ४२० रुपये, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतात. क्षय, कर्करोग यांसारख्या यादीतल्या दीर्घ आजारांत ८० टक्के म्हणजे ४८० रुपये, दोन वर्षांपर्यंत. आणि कामामुळे इजा झाली किंवा कामामुळे जडलेला रोग झाला, तर ९० टक्के म्हणजे ५४० रुपये, कामावर परतेपर्यंत. अपंगत्व कायमचे असेल तर त्याच्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम.

या तीन आकड्यांतला फरक आपल्या फौंड्रीवाल्यांसाठी सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि त्याबद्दल आमच्याकडे कोणी बोलत नाही. साच्याची वाळू म्हणजे सिलिका. शेकआउटवर साचा फोडताना आणि फेटलिंगमध्ये कास्टिंग घासताना जी बारीक धूळ उडते ती छातीत जाऊन बसते आणि पंधरा-वीस वर्षांनी धाप लागायला लागते. खानापूर तालुक्यातील एका फेटलरची पिशवी माझ्याकडे आली होती. त्यात छातीचे एक्स-रे होते, खोकल्याच्या औषधांच्या चिठ्ठ्या होत्या, आणि प्रत्येक कागदावर क्षयाचा संशय लिहिलेला होता. थुंकीच्या तपासण्या निगेटिव्ह, तरी क्षयाची औषधे चालू. त्याची बायको म्हणाली, "सायेब, गोळ्या किती खाल्ल्या ओ, पण दम काय कमी होत नाही." एकाही डॉक्टराने त्याला पोटापाण्याचे काम काय करतोस हे विचारून कागदावर लिहिलेले नव्हते.

सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुप्फुसांचा रोग, आणि क्षय एक्स-रेवर एकमेकांसारखे दिसू शकतात, आणि सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षय होण्याची शक्यताही जास्त असते. पण विम्याच्या हिशेबात दोन्ही सारखे नाहीत. क्षय म्हणून नोंद झाली तर दोन वर्षांचा ८० टक्के भत्ता आणि मग संपले. सिलिकोसिस हा कायद्याच्या यादीतला व्यवसायजन्य रोग आहे आणि तो कामावरची इजा मानला जातो, म्हणजे ९० टक्के, आणि फुप्फुसे गेलीच असतील तर कायमच्या अपंगत्वाची मासिक रक्कम. माणूस त्यातच गेला तर विधवेला आणि मुलांना अवलंबितांचा लाभ. हे ठरवते ईएसआयचे विशेष वैद्यकीय मंडळ, आणि मंडळासमोर जायचे तर कोणत्या खात्यात, किती वर्षे, कोणत्या धुळीत काम केले याचा लेखी पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे नेमणूक पत्र, हजेरी कार्ड, पगाराच्या पावत्या आणि खाते बदलल्याचे आदेश. नेमके हेच कागद आमच्याकडचा कामगार जपत नाही, आणि कंत्राटी कामगाराला तर ते दिलेच जात नाहीत. मी त्या फेटलरला आणि त्याच्याबरोबरच्या दोघांना एवढेच सांगितले, की डॉक्टरकडे गेल्यावर 'कारखान्यात आहे' असे म्हणू नका; 'फेटलिंगला आहे, ग्राइंडर धरतो, इतकी वर्षे' असे सांगा आणि तसे केसपेपरवर लिहायला लावा. सिलिकोसिस आढळल्यास डॉक्टराने आणि कारखानदाराने तो सरकारला कळवणे बंधनकारक आहे, पण कळवायचे तर आधी नाव घ्यायला हवे.

अपघाताचेही तसेच आहे. कामावर इजा झाली तर लाभ मिळण्यासाठी वर्गणीच्या दिवसांची अट नसते. पहिल्याच दिवशी बोट गेले तरी हक्क असतो. घरून कामाला येताना किंवा काम संपवून घरी जाताना रस्त्यावर झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध वेळेने आणि जागेने जुळत असेल तर, कामावरचीच इजा समजला जातो. नंदगड-खानापूरकडून पहाटेच्या पाळीला मोटरसायकलवर येणारी मुले आपण रोज पाहतो, आणि त्यांचे अपघातही ऐकतो. अशा वेळी घरचे लोक मोटर अपघाताच्या दाव्याच्या मागे लागतात आणि ईएसआयकडे अपघाताची खबर द्यायची राहून जाते. पोलिसांतल्या नोंदीवर 'कामावर जात असताना' हे शब्द यायला हवेत आणि त्या दिवसाच्या पाळीची नोंद कारखान्याकडून मिळवायला हवी. मालकाने कामगाराची नोंदणीच केलेली नसेल तरी हक्क बुडत नाही: महामंडळ लाभ देऊन तो खर्च मालकाकडून वसूल करू शकते. अपघात झाल्यावर त्याच संध्याकाळी घाईघाईने नोंदणी करणारे महाभाग आहेत, आणि महामंडळाचे अधिकारी त्या नोंदणीच्या वेळेकडे बारकाईने पाहतात, म्हणून रुजू झाल्याचा पुरावा जवळ असणे कामगाराच्या फायद्याचे आहे.

वडगाव-खासबागच्या घरगुती मागांवर दहा माणसेच नसतात आणि निपाणी भागातील घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांसाठी केंद्र सरकारच्या कामगार कल्याण दवाखान्यांची व्यवस्था निराळी आहे; त्यांचा विचार या लेखात मी करत नाही. मात्र ज्या आस्थापनेत एकदा दहा माणसे झाली आणि कायदा लागू झाला, तिथे पुढे आठ-नऊच उरली तरी तो लागूच राहतो. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला तेव्हा इथे बरीच राजकीय धूळ उडाली. त्या वादात मी पडत नाही, पण 'ती योजना आहे, मग ईएसआय कशाला' असे म्हणणारे भेटतात म्हणून सांगतो: अशी कोणतीही सरकारी योजना उपचारांचा खर्च देते, बुडालेला पगार देत नाही.

सीमेच्या दोन बाजूंना घर आणि काम असणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. उचगाव, तुरमुरी, बेकिनकेरे या बाजूची माणसे शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत जातात, म्हणजे रोज कर्नाटकातून महाराष्ट्रात; चंदगड तालुक्यातील माणसे उलट दिशेने बेळगावला येतात. विमा क्रमांक देशभर एकच असतो, पण दवाखाने त्या त्या राज्याचे खाते चालवते, म्हणून दवाखाना निवडताना कारखान्याजवळचा आपोआप लिहिला जातो आणि रात्री ताप आलेल्या मुलाला तिकडे नेणे शक्य नसते. दवाखाना राहत्या ठिकाणाजवळचा मागता येतो, आणि कामगार एकीकडे राहून कुटुंब दुसऱ्या ठिकाणी असेल तर कुटुंबासाठी वेगळा दवाखाना नोंदवता येतो. गोव्यात किंवा पुण्यात नोकरी करणाऱ्या आणि घर बेळगावात ठेवणाऱ्या मुलांनी हे आवर्जून करावे.

आता मेडिक्लेम. स्टाफवरच्या माणसाला बहुधा एक ई-कार्ड मिळते आणि पॉलिसी एचआरच्या कपाटात राहते. कार्डावर 'तीन लाख' लिहिलेले असते आणि माणूस त्या तीन लाखांच्या भरवशावर असतो. खोलीच्या भाड्याची मर्यादा कार्डावर लिहिलेली नसते. समजा ती विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे रोज ३,००० रुपये आहे आणि आपण ४,५०० ची खोली घेतली. पाच दिवसांचे भाडे २२,५०० झाले. लोकांना वाटते, वरचे ७,५०० आपण भरले की झाले. पण मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली की डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असे खोलीशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. ते ९०,००० असतील तर विमा कंपनी दोन तृतीयांश म्हणजे ६०,००० मान्य करते आणि ३०,००० आपल्यावर येतात. एकूण भुर्दंड ३७,५०० रुपयांचा, आणि तो कळतो डिस्चार्जच्या काउंटरवर.

या कपातीला मात्र मर्यादा आहेत आणि त्या मर्यादा काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या यांवर ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. आयसीयूच्या खर्चावरही नाही. ज्या रुग्णालयात खोलीच्या प्रकारानुसार दर बदलत नाहीत, म्हणजे जनरल वॉर्डलाही ऑपरेशनचा तोच दर आणि स्पेशल रूमलाही तोच, तिथे ती लावताच येत नाही. आपल्या भागातील लहान नर्सिंग होममध्ये बहुधा असे एकच दर असतात. त्यामुळे तिथल्या बिलावर कपात झाली असेल, तर 'आमचे दर खोलीनुसार बदलत नाहीत' असे रुग्णालयाच्या लेटरहेडवर लिहून घ्यावे आणि दाव्याला जोडावे. एवढ्या एका कागदाने कापलेली रक्कम परत मिळालेली मी पाहिली आहे.

दुसरा घोळ केसपेपरवर होतो आणि तो खास आपल्या सीमाभागातला आहे. रात्री रुग्णाला दाखल करताना निवासी डॉक्टर कन्नडमध्ये किंवा इंग्रजीमिश्रित हिंदीत विचारतो, खेड्यातून आलेला भाऊ किंवा मेहुणा मराठीत उत्तर देतो, आणि कागदावर इंग्रजीत जे उतरते ते दोघांनाही अभिप्रेत नसते. 'शुगर आहे का?' 'आहे की, लई दिवस झाले.' आणि लिहिले जाते दहा वर्षे. समूह पॉलिसीत आधीपासूनचे आजार बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात, त्यामुळे तिथे निभावते. पण नोकरी सुटल्यावर वैयक्तिक पॉलिसी घ्यायची वेळ आली, की हाच जुना केसपेपर 'आजार लपवला' म्हणून समोर ठेवला जातो. दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, इंग्रजी वाचणाऱ्या कोणाकडून तरी इतिहासाचा रकाना वाचून घ्यावा आणि चूक असेल तर डॉक्टरांकडून तारखेसह दुरुस्त करून घ्यावी. डिस्चार्जनंतर केलेल्या दुरुस्तीवर विमा कंपनी विश्वास ठेवत नाही, आणि माझ्या मते त्यात तिचे फारसे चुकतही नाही. पाच वर्षे अखंड विमा चालू राहिला असेल, तर मात्र फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही.

कॅशलेसच्या बाबतीत नियामकाने २०२४ च्या मे महिन्यात विमा कंपन्यांना वेळ बांधून दिली. मंजुरीच्या विनंतीवर एका तासात निर्णय, आणि रुग्णालयाने डिस्चार्जचे बिल पाठवल्यावर तीन तासांत अंतिम मंजुरी. त्याहून उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा पैसे लावले तर ते विमा कंपनीने सोसायचे. प्रत्यक्षात सकाळी सोडलेला रुग्ण संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहतो आणि मधल्या वेळेचे भाडे मुकाट्याने भरून घरी जातो. बिल कधी पाठवले आणि मंजुरी कधी आली या दोन वेळा इन्शुरन्स डेस्ककडून लिहून घेतल्या, तर ते भाडे नंतर मागता येते. हेही लक्षात ठेवावे की मध्यस्थ टीपीए कागद तपासतो, पण दावा नाकारण्याचा अधिकार विमा कंपनीचा आहे. नकार लेखी हवा आणि पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली तो दिला हे त्यात असायला हवे. टीपीएचा फोन किंवा एचआरने पाठवलेला व्हॉट्सॲप निरोप हा नकार समजू नये.

एचआरकडे पॉलिसीची प्रत मागायला माणसे कचरतात. मला यात काही अवघड वाटत नाही, कारण मी स्वतः त्या बाजूच्या टेबलावर बसलो आहे आणि प्रत मागणारा माणूस आम्हाला कधी आगाऊ वाटला नाही. न मागणारा माणूस दवाखान्यातून रात्री अकराला फोन करी, तो खरा त्रास. अटींचा गोषवारा देणारे ग्राहक माहितीपत्रक ग्राहकाने मागितल्यास स्थानिक भाषेत द्यावे असा नियामकाचा दंडक आहे. बेळगावात स्थानिक भाषा म्हणून कन्नडच पुढे येईल, पण मराठी प्रत महाराष्ट्रात दिली जातेच. ती नावानिशी मागायला कोणाची हरकत नाही.

नोकरी सुटते त्या दिवशी समूह मेडिक्लेम संपतो. राजीनाम्याच्या काळात, म्हणजे सेवेचा शेवटचा दिवस येण्याआधीच, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागितले तर समूहात काढलेली वर्षे प्रतीक्षा कालावधीत, म्हणजे जुन्या आजाराचा खर्च मिळू लागेपर्यंत थांबावे लागते त्या काळात, धरली जातात. महिन्या-दोन महिन्यांनी गेल्यास नव्याने सुरुवात करावी लागते. पन्नाशी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. ईएसआयमध्ये किमान पाच वर्षे काढून निवृत्त झालेल्याला तर वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी उपचार चालू ठेवता येतात. आमच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या किती जणांनी ते भरले असतील याचा विचार केला की वाईट वाटते.

तक्रार कोठे करायची, हा शेवटचा प्रश्न. ईएसआयची बाब असेल तर आधी बेळगावची शाखा, मग हुबळीचे उपविभागीय कार्यालय, आणि हक्काचाच वाद असेल तर कर्मचारी विमा न्यायालय. मेडिक्लेममध्ये पहिली लेखी तक्रार विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे किंवा नियामकाच्या बीमा भरोसा संकेतस्थळावर करावी. १५५२५५ या क्रमांकावरूनही ती नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जावे. समूह पॉलिसीच्या तक्रारीही तिथे चालतात, ५० लाखांपर्यंतच्या भरपाईचा आदेश लोकपाल देऊ शकतो, फी नाही आणि वकील लागत नाही. कर्नाटकासाठी लोकपालाचे कार्यालय बंगळुरूला आहे. नियम मात्र असा आहे की तक्रारदाराचे राहते ठिकाण किंवा विमा कंपनीची संबंधित शाखा, यांपैकी कोणत्याही एकावरून लोकपाल ठरतो. म्हणजे पॉलिसी कोल्हापूरच्या शाखेने दिली असेल तर बेळगावात राहणाऱ्यालाही पुण्याचा लोकपाल धरता येतो, आणि तिथे सुनावणीत मराठीतून आपली बाजू मांडणे निश्चितच सोपे जाते.

ग्राहक आयोगाचा मार्ग याहून वेगळा आहे आणि तिथे क्रम सांभाळावा लागतो. प्रकरण आयोगात दाखल असेल तर लोकपाल ते घेत नाही. उलट लोकपालाचा निर्णय पटला नाही तर तो कामगारावर बंधनकारक नसतो आणि आयोगाचे दार उघडे राहते. म्हणून आधी लोकपाल, मग आयोग. आयोगाची मुदत दावा नाकारल्यापासून दोन वर्षांची आहे आणि ती मोजत राहावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे उचगावात राहून शिनोळीत काम करणाऱ्याला बेळगाव आणि कोल्हापूर यांपैकी सोयीचा आयोग निवडता येतो, विमा कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत असो की चेन्नईत.